मुक्त कार्यप्रणाली व तिची निगा

शिर्डी-राहात्याच्या या भागांत जुन्या घरांवर कौलें क्वचितच असत, धाबें असे. तुळयांवर फळ्या अगर काटक्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर द्यावयाचा, असें तें छप्पर. ज्यांनीं अशा घरांत दिवस काढिले त्यांस ठाऊक आहे कीं, मृग लागण्यापूर्वीं घरधनी वर चढून चिरा पाही, उगवलेलें गवत उपटी, आणि पांढरी माती टाकून ती चोपून काढी. एखाद्या वर्षीं आळस झाला तर घर त्याच वर्षीं पडत नसे. पहिल्या पावसाळ्यांत एका कोपऱ्यास ओल येई, दुसऱ्यांत धान्याच्या कणगीवर थेंब पडे, आणि तिसऱ्यांत तुळई कुजल्याचें ध्यानांत येई.

या लेखाचा विषय संगणकाची कार्यप्रणाली व तिची निगा हा आहे. परंतु तो मला नीट समजला तो धाब्यावरून, म्हणून आरंभ तेथून केला.

विद्यार्थिमित्रहो, कार्यप्रणाली म्हणजे काय हें प्रथम पाहूं. संगणकाच्या पेटींत गणित करणारा भाग वेगळा, स्मरणाचा वेगळा. कळफलक, पडदा, छपाईचें यंत्र हीं तर निराळींच. आपण पत्र लिहितों, चित्र काढतों, हिशेब करतों, तो प्रत्येक कार्यक्रमहि निराळा. या सर्वांस वेळ कोणीं वाटून द्यावा, एकाचा हात दुसऱ्याच्या खिशांत जाऊं नये हें कोणीं पाहावें, यासाठीं मध्यें जी व्यवस्था उभी असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. मुख्याध्यापक दिवसभर प्रत्येक वर्गांत शिकवीत नाहींत. पण ते व त्यांची घंटा नसेल तर दोन वर्ग एकाच खोलींत शिरतील आणि तिसरा मैदानावर राहील, तसेंच हें आहे.

या प्रणालींत दोन जाती आहेत. कांहींचा मूळ लेख ती करणाऱ्या कंपनीजवळ कुलुपांत असतो. आपणांस वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. दुसऱ्या जातीचा मूळ लेख सर्वांस खुला असतो. तो कोणीहि वाचावा, तपासावा, बदलावा, व बदललेला दुसऱ्यास द्यावा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं अशा प्रणालीचा संकल्प जाहीर करून तिला ग्नू हें नांव दिलें. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें जो गाभा लिहिला, तो लिनक्स. दोहोंच्या मेळांतून पुढें अनेक प्रणाली निघाल्या. १९९३ सालीं डेबियनचा आरंभ झाला. २००४ सालीं तिच्या पायावर उबुंटू उभी राहिली. ज्या सी-डॅक संस्थेचें मुख्य कार्यालय आपल्या पुण्यास आहे, तिनें केलेली 'बॉस' ही प्रणालीहि डेबियनच्याच पायावर उभी आहे.

इंग्रजींत 'फ्री' या एकाच शब्दांत मुक्त आणि फुकट असे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. मराठीनें ते वेगळे ठेविले हें आपलें भाग्य; परंतु व्यवहारांत आपण ते पुन्हां एक करतों, आणि फुकट मिळालें म्हणजे पुढें कांहीं करावें लागत नाहीं असें समजतों. मीहि तसेंच समजलों होतों.

२०२३ च्या दिवाळीपूर्वीं शाळेस देणगीदाखल बारा जुने संगणक मिळाले. त्यांवर परवान्याची प्रणाली नव्हती, व ती विकत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून सुटींत दोन माजी विद्यार्थ्यांस हाताशीं घेऊन मीं सर्वांवर उबुंटू बसविली. दोन आवृत्त्या समोर होत्या, २२.०४ व २३.१०. मोठा आंकडा तो चांगला, अशा शाळकरी न्यायानें मीं दुसरी निवडली. (हे आंकडे गुण नसून वर्ष व महिना आहेत, हेंहि तेव्हां मला ठाऊक नव्हतें.) यंत्रें चालूं लागलीं, मुलें आनंदलीं, शाळासमितीनें आभाराचा ठराव केला. पडद्यावर अधून मधून 'अद्ययावत करावयाचें आहे' अशी सूचना येई. ती मी मुलांस बंद करावयास सांगे, कारण तासाचा वेळ मोडतो. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप घेण्याची सोय या प्रणालींत असते. पण यंत्र तासापुरतें चालू करावयाचें व घंटा होतांच बटण दाबून बंद करावयाचें, अशा घाईंत त्या सोयीस सवड कोठून मिळणार? ज्यांच्या वाडवडिलांनीं धाब्यावर माती टाकण्याचा नियम कधीं चुकविला नाहीं, त्यांनीं हा नियम मात्र धाब्यावर बसविला.

जून २०२५ मध्यें शाळा उघडल्यावर भूमितीच्या तासासाठीं जिओजेब्रा हा कार्यक्रम बसवावा म्हणून आज्ञा दिली, तों यंत्रानें उत्तर दिलें कीं, भांडार सांपडत नाहीं. एका यंत्राचा दोष असेल म्हणून दुसरें पाहिलें, तिसरें पाहिलें. बाराहि यंत्रें तेंच म्हणत. प्रथम मीं तारांस दोष दिला, मग विजेस, मग इंटरनेट पुरविणाऱ्या गृहस्थांस दोनदां बोलावून त्यांचा व्यर्थ वेळ घेतला. शेवटीं उलगडा झाला तो असा. उबुंटूची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनीं, एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत निघते. परंतु सम वर्षाच्या एप्रिलांत निघणारी आवृत्ति तेवढी दीर्घकाळ, म्हणजे पांच वर्षें, सांभाळिली जाते. मधल्या आवृत्त्यांची निगा फक्त नऊ महिने. मीं निवडलेली २३.१० जुलै २०२४ मध्येंच निवृत्त झाली होती, व तिचें भांडार जुन्या दप्तरांत हलविलें गेलें होतें. जवळ जवळ एक वर्ष आमचीं बारा यंत्रें धाब्यावर मातीचा कण न पडतां उभीं होतीं, आणि दिसण्यांत तीं अगदीं ठणठणीत होतीं. जिला मीं जुनी म्हणून नाकारिलें, ती २२.०४ मात्र त्या दिवशींहि दुरुस्त्या घेत होती.

तेव्हां नवी व अद्ययावत हे दोन शब्द मीं मनांत निराळे केले. जिची कोणी तरी आज काळजी घेत आहे, आणि ती काळजी जिच्यापर्यंत पोंचत आहे, ती प्रणाली अद्ययावत. मग तिचा आंकडा लहान कां असेना.

यंत्रांतील लेख कांहीं मातीसारखा झिजत नाहीं, मग निगा ती कशाची, असें कोणी विचारील. खरें आहे, लेख तसाच राहतो, पण त्याच्याविषयींचें लोकांचें ज्ञान बदलतें. ज्या चुकेची कालपर्यंत कोणास खबर नव्हती ती आज कोणास तरी सांपडते, व सांपडणारा सज्जनच असेल असें नाहीं. बॅश नांवाचा एक कार्यक्रम आहे. कळफलकावरून दिलेल्या आज्ञा समजून घेणें हें त्याचें काम. त्यांत १९८९ पासून एक चूक दडून होती. ती स्टेफान शाझेला यांच्या दृष्टीस पडली सप्टेंबर २०१४ मध्यें. मधल्या पंचवीस वर्षांत तो लेख जगापुढें उघडा होता. लेख उघडा असणें आणि तो कोणीं तरी लक्ष देऊन वाचलेला असणें, यांत केवढें अंतर आहे तें यावरून कळतें. मुक्त प्रणालीचे कांहीं भक्त हें अंतर विसरतात.

चूक जाहीर होतांच दुरुस्तीहि निघाली. परंतु ज्या दिवशीं दुरुस्ती निघते, त्याच दिवशीं चोरासहि खिंडार नेमकें कोठें आहे तें कळतें. म्हणून दुरुस्ती निघाल्यावर ती न घेणारें यंत्र पूर्वींपेक्षां अधिक धोक्यांत येतें. कुलुपांतील प्रणालींसहि हाच न्याय लागू आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोजमधील एका खिंडाराची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीं काढली. १२ मे रोजीं त्याच खिंडारांतून वॉनाक्राय नांवाचा उपद्रव शिरला व सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रें त्यानें अडवून धरिलीं. इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांस ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. दुरुस्ती येऊन दोन महिने होत आले होते.

पुढच्याच महिन्यांत, २७ जून २०१७ रोजीं, नॉटपेट्या हा दुसरा उपद्रव आला, व तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोंचला. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक बंद पडले, आणि त्यामुळें न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांत तिच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचें काम अडलें.

आपलें शिर्डी यात्रेचें गांव. येथें देशाच्या कानाकोपऱ्यांतून मनुष्य येतो, रात्रीपुरती खोली घेतो, आणि ओळखीच्या कागदाची नक्कल तेथील मेजावर ठेवून जातो. ती नक्कल आतां बहुतेक ठिकाणीं संगणकांत राहते. मेजामागील मुलानें 'अद्ययावत करा' ही सूचना रोज पुसून टाकली, तर त्याची झळ त्याला लागेल कीं नाहीं कोण जाणे. पण ओडिशांतील वा आंध्रांतील एखाद्या कुटुंबास, ज्यानें पुन्हां या गांवाचें तोंडहि पाहिलें नाहीं, ती लागूं शकते.

येथें एखादा चाणाक्ष विद्यार्थी मला अडवील. नॉटपेट्याचा आरंभ युक्रेनमधील एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या अद्ययावतीकरणांतूनच झाला होता. औषधाच्या बाटलींतूनच विष आलें. मग तें न घेतलेलेंच बरें नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर 'घ्यावें, पण कोणाकडून तें पाहून घ्यावें' एवढ्यावर भागत नाहीं. मुक्त प्रणालीचे कार्यक्रम एका भांडारांत ठेवलेले असतात. भांडाराच्या यादीवर सांभाळणाऱ्यांची गणिती मोहोर असते, व आपलें यंत्र ती मोहोर ताडून पाहिल्यावांचून माल उतरवून घेत नाहीं. म्हणून भांडाराबाहेरून, कोठल्याहि पानावरून, कार्यक्रम उचलून आणूं नये. इतकें सोपें.

परंतु मार्च २०२४ मध्यें मोहोर खरी, भांडार खरें, आणि तरीहि माल खोटा, असा प्रसंग आला. एक्सझेड नांवाचा कागदपत्रें दाबून लहान करण्याचा एक साधा कार्यक्रम आहे. अनेक वर्षें तो एकच गृहस्थ फावल्या वेळांत, बिनमोल सांभाळीत होते, व ते थकले होते. मदतीचा हात म्हणून एक टोपणनांवी मनुष्य पुढें आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्यानें इमानें इतबारें काम करून विश्वास संपादिला, आणि मग त्या कार्यक्रमांत एक चोरदरवाजा बसविला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रांत दुरून प्रवेश करतांना नेहमीपेक्षां अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. दुसऱ्या कोणीं तिकडे लक्षहि दिलें नसतें. त्यांनीं मूळ शोधलें, व २९ मार्च रोजीं जगास सांवध केलें. ज्यांनीं नव्यांत नवा माल घेण्याचा हव्यास धरिला होता अशा प्रायोगिक आवृत्त्यांपर्यंत तो दरवाजा पोंचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत, व पांच वर्षें सांभाळल्या जाणाऱ्या उबुंटूच्या निघालेल्या आवृत्त्यांपर्यंत, तो आलाच नाहीं. त्या आवृत्त्या जुनाच कार्यक्रम ठेवितात व त्यांत दुरुस्ती तेवढी मिसळतात. माझ्या मोठ्या आंकड्याच्या मोहाची आठवण मला त्या वेळीं झाली नाहीं. ती झाली पुढच्या वर्षीं, जून महिन्यांत.

आतांपर्यंत खिंडारांविषयींच बोललों. पण याच वाटेनें आणखी एक वस्तु आपणांपर्यंत येते, ती म्हणजे आपलीं अक्षरें. २०११ च्या सुमारास एका मुलीचा शाळेचा दाखला नव्या यंत्रावर लिहिला गेला व कार्यालयांतील जुन्या यंत्रावर छापला गेला. तिचें नांव ॲ या अक्षरानें आरंभ होणारें. आमच्या ख्रिस्ती घरांत ॲना, ॲग्नेस, ॲन्ड्र्यू अशीं नांवें पुष्कळ. छापून आलें त्यांत पहिल्या अक्षराच्या जागीं रिकामा चौकोन होता. "सर, माझ्या नांवाचें पहिलें अक्षर कोठें गेलें?" असें तिनें विचारिलें. मीं तें अक्षर शाईनें लिहून दिलें; प्रश्नाचें उत्तर मात्र तेव्हां देतां आलें नाहीं. उत्तर असें होतें. जगांतील लिपींच्या युनिकोड नांवाच्या सामाईक वर्णसंचांत ॲ हें स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झालें तें एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तींत. त्यापूर्वीं अ काढून त्यावर चंद्र ठेवावा लागे. महाराष्ट्र शासनानें ॲ व ऑ यांस मराठी वर्णमालेंत स्थान दिलें तें नोव्हेंबर २००९ मध्यें. कार्यालयांतील यंत्र त्याहून जुनें होतें व तें कोणीं कधींच अद्ययावत केलें नव्हतें; त्याच्या जगांत तें अक्षर जन्मलेंच नव्हतें. रुपयाच्या चिन्हाचेंहि तसेंच झालें. १५ जुलै २०१० रोजीं केंद्र सरकारनें तें स्वीकारलें, ऑक्टोबरांत वर्णसंचांत त्यास जागा मिळाली, आणि ज्या यंत्रांनीं नवीन अक्षरमुद्रा घेतल्या नाहींत त्यांवर तेथेंहि चौकोनच उमटला.

मराठीची दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. 'आचार्यांस बोलवा' व 'आचाऱ्यांस बोलवा' या दोन वाक्यांत येणारे पाहुणे अगदीं वेगळे; एकांस व्यासपीठावर बसवावयाचें, दुसऱ्यांस चुलीपुढें. हा भेद एवढ्याशा अर्ध्या र वर अवलंबून आहे, व हिंदींत तो नाहीं. तो यंत्रास कोणीं तरी शिकवावा लागतो. मुक्त प्रणालींत तें काम करणारीं माणसें आपलींच आहेत, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. भारतीय भाषा लिनक्समध्यें आणण्यासाठीं 'इंडलिनक्स' हा उपक्रम निघाला. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं 'लोहित' नांवाच्या अक्षरमुद्रा मुक्त परवान्यानें दिल्या (लोहित म्हणजे तांबडा; कंपनीच्या नांवांतील लाल टोपीस साजेसेंच), व तिच्या पुण्यांतील मंडळींनीं त्यांची जोपासना केली. मुंबईच्या आय. आय. टी. मधील 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पानें लिनक्सचे पाठ मराठींत बोलून दाखविले आहेत. संगणकाच्या तासाला मी तेच लावतों. पडद्यावरील मराठी शब्द बहुतांशीं स्वयंसेवकांनीं एकेक करून उतरविलेले असतात. नवी आवृत्ति आली कीं नवीं वाक्यें येतात. तीं कोणीं उतरविलीं नाहींत तर मराठी पडद्यांत मध्येंच इंग्रजी ओळ उभी राहते. आमच्या मुलांनीं अशा ओळी मोजून एका वहींत लिहिल्या आहेत. पुढें काय करावयाचें तें अजून ठरलेलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. जून २०२५ मध्यें आम्हीं प्रथम मुलांचे निबंध व चित्रें एका वेगळ्या डिस्कवर उतरविलीं, आणि मग सर्व यंत्रांवर २४.०४ ही २०२९ पर्यंत सांभाळली जाणारी आवृत्ति बसविली. तेव्हांपासून महिन्यांतून दोन शनिवार, शाळा सुटल्यावर, आठवीचीं चार मुलें थांबतात. आज्ञा दोन आहेत व मुलें त्यांत हमखास घोंटाळा करतात. 'आप्ट अपडेट' म्हटल्यानें कांहींच बदलत नाहीं. भांडारांत आज काय आहे त्याची यादी तेवढी ताजी होते. माल घरीं येतो तो 'आप्ट अपग्रेड' म्हटल्यावर. बाजारांतून भाव विचारून परत आलें म्हणजे कांहीं भाजी शिजत नाहीं. दुसरी अडचण खर्चाची होती. बारा यंत्रांनीं तोच माल बारा वेळां मागवावा हा अपव्यय. म्हणून एका यंत्रावर 'आप्ट-कॅशर' बसविला आहे. पहिल्या यंत्रासाठीं आलेली प्रत तो जपून ठेवितो व उरलेल्या अकरांस घरांतल्या घरांत वाटतो. गाभा बदलला असेल तर यंत्र पुन्हां सुरू केल्यावांचून नवा गाभा लागू होत नाहीं, हें मुलांस तीन वेळां सांगावें लागलें.

विजेचें भय मात्र आहेच. एका शनिवारीं माल उतरत असतांनाच वीज गेली, व ती आली तेव्हां आठव्या क्रमांकाचें यंत्र काळ्या पडद्यावर थबकलें. मुलें घाबरलीं, खरें सांगावयाचें तर मीहि. पण नवा गाभा बसवितांना ही प्रणाली जुना गाभा टाकून देत नाहीं. आरंभींच्या यादींतून तो निवडतांच यंत्र उघडलें. अर्धवट राहिलेलें बसविणें पुरें करण्याची आज्ञा एका मुलीनें पाटीवरून पाहून लिहिली. पांच मिनिटें ओळी सरकत राहिल्या. मग यंत्र पुन्हां सुरू करून पाहिलें, आणि तिनें वहींत तारीख घालून लिहिलें: यंत्र आठवें, वीज गेली, दोनदां केलें, चालू आहे.